उजाड परसासाठी दोन हजारांची खरेदी: कोकोपीटची वीट, गांडूळखत, निंबोळी पेंड आणि तागाचं बी

घरामागची जागा चार-पाच वर्षं कुणी बघितली नाही की तिची ठरलेली अवस्था होते. कोपऱ्यात बांधकामातलं डबर, वर हराळी नि लव्हाळा, कडेनं गाजरगवत आणि पायाखाली पहार मारली तर ठण्ण वाजेल अशी माती. ती सावरायला नर्सरीत गेलं की काउंटरवर सगळ्यांत आधी पुढे येते पाच किलोची कोकोपीटची वीट. पैसे इथूनच भलतीकडे जायला लागतात. खालचा सगळा हिशोब दहा बाय दहा फुटांच्या एका वाफ्याचा आहे. भाव पुण्याच्या आसपासचे, ढोबळ. गावागणिक थोडं इकडेतिकडे धरून चाला.

वीट मुळात वाईट नाही. नारळाच्या सोडणातून काथ्या काढल्यावर जो भुसा उरतो, तो दाबून ती करतात. पाच किलोची वीट दोनशे ते तीनशे रुपयांना मिळते आणि वीस-पंचवीस लिटर पाणी पिऊन सत्तर लिटरच्या आसपास फुगते. भिजल्यावर पाणी चहासारखं तांबूस होतं. त्या रंगाला लोक घाबरतात, पण त्रास रंगाचा नसतो, न दिसणाऱ्या मिठाचा असतो. सोडणं खाऱ्या पाण्यात कुजवलेली असतील आणि भुसा धुतलेला नसेल, तर रोपांच्या पानांच्या कडा करपतात आणि दोष उन्हाला दिला जातो. दोन-अडीचशे रुपयांचा टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा) असेल तर एक वाटी पीट पाच वाट्या आरओच्या पाण्यात अर्धा तास ठेवा, गाळा आणि आकडा बघा. ‘लो ईसी’ (म्हणजे क्षार कमी) छापलेल्या विटेचा आकडा दोन-अडीचशेच्या आत यायला हवा. पाचशेच्या वर गेला तर ती धुतलेली नाही, छापील शब्दाला अर्थ नाही. गोणपाटात घालून तीनदा पाणी सोडलं आणि निथळू दिलं तर काम भागतं.

पण मुद्दा वेगळाच आहे. या वाफ्यावर एक इंच थर द्यायचा तर सुमारे 236 लिटर पीट लागतं. म्हणजे साडेतीन विटा, जवळपास हजार रुपये, आणि पोषण म्हणाल तर जवळजवळ शून्य. शिवाय देशावरची काळी माती आधीच पाणी धरून बसते. तिच्यात आणखी पाणी धरणारी वस्तू घातली की जुलैच्या झडीत मुळं कुजतात. कोकणातल्या जांभ्याच्या मातीतून पाणी पटकन निघून जातं, तिथं उपयोग होईल, पण तिथं सोडणं घरचीच असतात. आळ्यात सोडणं गाडायची जुनी रीत विटेपेक्षा स्वस्त आणि टिकाऊ. नुसत्या कोकोपीटमध्ये टोमॅटो लावले तर फळाचं बूड काळं पडण्याची तक्रार येते, कारण कोकोपीट कॅल्शियम स्वतःकडे ओढून धरतं. तेव्हा 650 ग्रॅमची छोटी वीट घ्या. ती आठ-नऊ लिटर होते. दोन भाग पीट आणि एक भाग गांडूळखत असं मिश्रण केलं की 98 खणांचे तीन ट्रे सहज भरतात. रोपांसाठी वीट उत्तम, जमिनीसाठी बिनकामाची.

गांडूळखतात फसवणूक सगळ्यांत जास्त, म्हणून इथं वेळ घालवा. गोणीनं घेतलं तर किलोला दहा ते पंधरा रुपये पडतात. तेच चकचकीत पाकिटात चाळीस-पन्नास. खत नियंत्रण आदेशाप्रमाणे गांडूळखतात ओलावा 15 ते 25 टक्के असावा आणि किमान 90 टक्के खत 4 मिमीच्या चाळणीतून पडावं. व्यवहारात होतं असं की गोणी भरायच्या आधी पाणी मारलं जातं आणि आपण पाण्याला खताचा भाव देतो. मूठभर खत घट्ट दाबा. बोटांतून पाणी आलं तर गोणी परत. मूठ उघडल्यावर गोळा राहिला आणि अंगठ्यानं टोचल्यावर मोकळा झाला, तर ओलावा ठीक. दुसरी परीक्षा काचेच्या ग्लासात: दोन चमचे खत पाण्यात ढवळून पाच मिनिटं ठेवा. तळाशी वाळूचा कचकचीत थर बसला तर त्यात माती आहे. वास पहिल्या पावसाचा यावा, शेणाचा किंवा आंबूस नव्हे. आंबूस वास म्हणजे खत अर्धकच्चं; असं खत रोपाच्या बुडाशी घातलं की आठवड्यात पानं पिवळी. चौरस मीटरला दोन किलो पुरे, म्हणजे या वाफ्याला वीस किलो. चाळीसची गोणी घेऊन उरलेली सावलीत, तोंड अर्धवट उघडं ठेवून ठेवा. हवाबंद बांधली की आतून बुरशीचा वास धरते.

जवळ गोठा असेल तर मात्र गांडूळखतही मागे सारा आणि शेणखत घ्या. चौरस मीटरला पाच किलो, एकूण पन्नासेक किलो, सहा-सात घमेली. उकिरड्यात हात कोपरापर्यंत घालून बघा. आत गरम लागलं, किंवा कडब्याचे तुकडे ओळखू आले, तर खत कुजलेलं नाही. असं खत वाळवी आणि तणाचं बी घेऊन घरात येतं. त्यात पांढऱ्या, इंग्रजी सी सारख्या वळलेल्या अळ्या दिसल्या तर त्या सगळ्या हुमणी, म्हणजे मुळं खाणाऱ्या अळ्या, नसतात. अंगठ्याएवढ्या जाड असतील तर बहुधा गेंड्या भुंग्याच्या. त्या खतच खातात, मुळांना हात लावत नाहीत. तरी परसात नारळ असेल तर वेचून काढा, कारण पुढे तोच भुंगा माडाच्या सुईत, म्हणजे शेंड्याच्या कोवळ्या कोंबात, शिरतो.

निंबोळी पेंड किलोला चाळीस-पन्नास रुपये. बाजारात दोन जाती आहेत: घाण्यातून निघालेली, आणि द्रावक वापरून तेल पूर्ण काढून घेतलेली. दुसरी फिकी, भुसभुशीत आणि जवळजवळ बिनवासाची असते. सूत्रकृमी (मुळांना लागणारे बारीक किडे) नि हुमणीवर तिचा फारसा परिणाम नाही. चांगली पेंड चिमटीत चोळली की बोटांना किंचित तेलकट लागते आणि हाताचा कडू वास साबणानंही लवकर जात नाही. चौरस मीटरला शंभर ग्रॅम, म्हणजे या वाफ्याला एक किलो. लागवडीच्या पंधरा दिवस आधी वरच्या चार बोटं मातीत मिसळून पाणी द्यायचं. बी टाकलं त्याच दिवशी पेंड घातली तर उगवण मार खाते, आणि मग शिव्या बियाण्याला.

या सगळ्या यादीत पैसे वसूल करणारी वस्तू नर्सरीत बहुधा मिळतच नाही. ती कृषी सेवा केंद्रात मिळते: तागाचं बी. पेरायचं, वाढवायचं आणि हिरवळीचं खत म्हणून तिथंच गाडायचं. वाफ्याला शंभर ग्रॅम पुरतं, पंधरा-वीस रुपयांचं. सुटं दिलं नाही तर किलो घ्या आणि शेजाऱ्यांत वाटा. जूनमध्ये पहिल्या चांगल्या पावसानंतर माती नुसती खरवडून वर बी फेका आणि दाताळ्यानं झाका. ताग दाट वाढतो, खाली तणाला ऊन मिळू देत नाही आणि त्याचं सोटमूळ त्या ठण्ण वाजणाऱ्या थरात घुसतं. चाळीस-पंचेचाळीस दिवसांनी पहिली पिवळी फुलं दिसली की विळ्यानं कापा, वीतभर तुकडे करा आणि गाडा. फुलं जुनी होईपर्यंत थांबलं तर खोड दोरखंडासारखं होतं (तागाचे दोर उगाच नाही करत) आणि दिवाळीपर्यंत कुजत नाही. गाडल्यावर तीन आठवडे काही लावू नका. सप्टेंबरच्या शेवटी त्याच जागी मेथी, मुळा, वांग्याची रोपं.

तणावर पारदर्शक प्लॅस्टिक हल्ली जोरात विकलं जातं. काम करतं, अटींसह. एप्रिल-मे महिन्यांत, माती आधी भिजवून, 25 ते 50 मायक्रॉनचा कागद कडा मातीत गाडून चार ते सहा आठवडे ठेवावा लागतो. काळा नाही, पारदर्शकच; काळा कागद स्वतः तापतो, माती तेवढी तापत नाही. पण यानं बी मरतं, बऱ्याच बुरशी मरतात. लव्हाळ्याच्या गाठी मात्र मरत नाहीत. दुकानदार हे सांगत नाही. लव्हाळा वर अंथरलेला पुठ्ठाही भोसकून वर येतो. त्याला कुदळीनं खणणं सगळ्यांत वाईट, कारण जमिनीखालची गाठींची साखळी तुटली की प्रत्येक गाठ स्वतंत्र रोप होते. खुरप्यानं दर पंधरा दिवसांनी, पाचवं-सहावं पान यायच्या आत काढत राहायचं; गाठींतला साठा संपायला एक पूर्ण पावसाळा जातो. गाजरगवत फुलायच्या आत, हातमोजे घालून उपटा.

अवजारांचा पाच नगांचा रंगीत संच घेऊ नका. त्यातला छोटा काटा कोरड्या काळ्या मातीत पहिल्याच दिवशी वाकतो. आठवडे बाजारात लोहाराकडचं खुरपं शंभर-दीडशेला मिळतं. पातं मुठीत आरपार गेलेलं आणि मागे ठोकून वळवलेलं आहे ना, एवढं बघा. कुदळ-पहार दोन दिवसांसाठी उसनी आणा.

उरलेल्या पैशांत एकच महाग वस्तू घ्या: बायपास पद्धतीची छाटणी कात्री, चारशे-पाचशेपर्यंत. दोन पाती एकमेकांशेजारून सरकतात ती. एका पात्याखाली सपाट ठोकळा असतो ती ओली फांदी चेंगरते. परसात जुना लिंबू, पेरू, जास्वंद असणारच. वाळकी लाकडं आणि लिंबाचे सरळसोट वर गेलेले पाणसोट आधी काढा, एका वेळी झाडाच्या तिसऱ्या हिश्शापेक्षा जास्त कापू नका. बोटापेक्षा जाड कापावर बुरशी रोखणारं बोर्डो मलम लावा: 100 ग्रॅम मोरचूद अर्धा लिटर पाण्यात, 100 ग्रॅम चुना वेगळ्या अर्धा लिटरमध्ये, मग दोन्ही एकत्र, आणि सगळं प्लॅस्टिकच्या बादलीत, कारण लोखंडाच्या भांड्यात मोरचुदातलं तांबं भांड्यालाच चिकटतं. मलम त्याच दिवशी संपवायचं. दुसऱ्या दिवशी ते कामाचं राहत नाही.