फोररनर २३५ आणि डेबियन: बऱ्याच महिन्यांच्या वापरानंतर

आधी निकाल सांगते. गार्मिनचं फोररनर २३५ हे धावणाऱ्यांचं जीपीएस घड्याळ लिनक्सवर व्यवस्थित चालतं, आणि त्यासाठी गार्मिनचं कोणतंही सॉफ्टवेअर बसवावं लागत नाही. मॉडेल २०१५ सालचं, मी सेकंडहँड घेतलं, लॅपटॉपवर डेबियन, म्हणजे लिनक्सचाच एक प्रकार. गार्मिन एक्सप्रेस हा त्यांचा संगणकावरचा प्रोग्राम विंडोज आणि मॅकसाठीच निघतो, त्यामुळे आमच्या रनिंग ग्रुपमध्ये सगळ्यांचा सल्ला एकच होता: फोनवर ॲप टाक आणि लॅपटॉपचा नाद सोड. मला मात्र माझ्या नोंदी आधी माझ्या डिस्कवर हव्या होत्या. पुढे त्या कुठे चढवायच्या, चढवायच्या की नाही, हे मी ठरवणार.

हे जमतं कारण केबल लावली की २३५ पेन ड्राइव्ह म्हणून उघडतं. ‘गार्मिन’ नावाची डिस्क येते, आत ॲक्टिव्हिटी फोल्डर आणि त्यात प्रत्येक रनची एक फिट फाइल, म्हणजे गार्मिनच्या स्वरूपातली नोंद. तासाभराच्या रनची फाइल शंभरेक केबीची, म्हणजे वर्षानुवर्षांच्या नोंदी लॅपटॉपच्या कोपऱ्यात मावतात. डिस्क दिसली नाही तर घड्याळाच्या सिस्टिम सेटिंगमध्ये यूएसबी मोड ‘मास स्टोरेज’वर आहे ना ते बघा. तरीही नाही, तर टर्मिनलमध्ये एलएसयूएसबी चालवा, ही आज्ञा जोडलेल्या यूएसबी उपकरणांची यादी देते. गार्मिनचा वेंडर क्रमांक (उत्पादकाची ओळख) ०९१ई आहे. तो यादीतच नसेल तर लिनक्समध्ये काही शोधत बसू नका, अडचण केबलपाशी आहे. घड्याळाच्या पाठीवरच्या कॉन्टॅक्टवर घामाचा क्षार बसतो, आणि पावसाळ्यात तर पटकन बसतो. मग चार्जिंग होत राहतं पण डिस्क येत नाही, कारण डेटाचे कॉन्टॅक्ट वेगळे. मऊ टूथब्रश आणि थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल पुरतं. धावून आल्यावर घड्याळ नळाखाली धरून कोरडं पुसलं तर तीही वेळ सहसा येत नाही.

केबल काढण्याआधी डिस्क अनमाउंट करणं, म्हणजे सिस्टिमपासून रीतसर सोडवणं, मात्र टाळू नका. आतली फाइल सिस्टिम फॅट आहे, आणि लिहिणं चालू असताना केबल ओढली तर ती बिघडू शकते.

फिट फाइल बायनरी असते, पण तिचं स्वरूप गार्मिनने उघड केलेलं आहे. जीपीएसबेबल हा प्रोग्राम ती वाचतो आणि जीपीएक्स, म्हणजे मार्गाच्या नोंदींचं सगळीकडे चालणारं स्वरूप, करून देतो. पायथॉनमध्ये स्क्रिप्ट लिहिणाऱ्यांसाठी फिटपार्स ही लायब्ररी आहे. माझा आग्रह एवढाच की मूळ फिट फाइल जपून ठेवा. जीपीएक्समध्ये मार्ग येतो, पण लॅप आणि घड्याळाने नोंदवलेल्या बऱ्याच बारीक गोष्टी गळतात.

स्वतः स्क्रिप्ट लिहिणार असाल तर दोन गोष्टी लक्षात ठेवा. अक्षांश-रेखांश अंशांत नसतात, सेमीसर्कल नावाच्या एककात असतात: १८० अंशांना २ चा ३१ वा घात. आणि वेळ सेकंदांत मोजली जाते, ३१ डिसेंबर १९८९ च्या यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) मध्यरात्रीपासून. लिनक्सची, म्हणजे १ जानेवारी १९७० पासूनच्या सेकंदांतली, वेळ हवी तर त्या आकड्यात ६३१०६५६०० मिळवायचे. हे बहुतेक लायब्ररी स्वतःच करतात, पण यूटीसीचं भारतीय वेळेत रूपांतर तुम्हालाच करावं लागतं, आणि पहाटे धावणाऱ्यांना ते फार नडतं. पहाटे पाचला पुण्यातल्या तळजई टेकडीवर सुरू केलेला रन यूटीसीत आदल्या रात्री साडेअकराचा असतो. फाइलला तारखेचं नाव देताना साडेपाच तास मिळवले नाहीत तर सोमवारची पहाट रविवारच्या लाँग रनला जाऊन चिकटते आणि दोन्ही आठवड्यांची बेरीज चुकते.

घड्याळ जोडलं की फाइली आपोआप उतरतात, हे मी यूडेव्ह (उपकरण जोडल्याची दखल घेणारा लिनक्सचा भाग) आणि सिस्टिमडी (पार्श्वभूमीतल्या सर्व्हिस चालवणारा भाग) यांवर बसवलंय. नेटवर बऱ्याच ठिकाणी यूडेव्हच्या नियमातूनच थेट स्क्रिप्ट चालवायला सांगतात. त्यात अर्थ नाही. यूडेव्ह लांबलेली प्रक्रिया मारून टाकतं, आणि तिथून केलेलं माउंट बाकीच्या सिस्टिमला दिसतही नाही. नियमाने फक्त सिस्टिमडीची सर्व्हिस उठवावी. माउंट, कॉपी, नाव बदलणं, अनमाउंट हे सगळं त्या सर्व्हिसने करावं. हे एकदा बसल्यावर मी त्याला हात लावलेला नाही. आंघोळ करून येते तोवर रन लॅपटॉपवर असतो.

धाकट्या भावाचं घड्याळ फोररनर २४५ म्युझिक. गाणी साठवणारं असल्याने ते डिस्क म्हणून येत नाही, एमटीपीने, म्हणजे फाइली देण्याघेण्याच्या वेगळ्या पद्धतीने, बोलतं. ग्नोम या डेस्कटॉपच्या फाइल मॅनेजरमध्ये दिसतं, पण यादी उघडायला वेळ घेतं, आणि एका वेळी एकाच प्रोग्रामला धरू देतं. फाइल मॅनेजरने आधीच पकडून ठेवलं असेल तर जेएमटीपीएफएस (असं घड्याळ फोल्डरसारखं माउंट करणारा प्रोग्राम) ‘बिझी’ म्हणतं; आधी तिथून अनमाउंट करायचं, मग पुढे. काम होतं, पण माझ्या जुन्या २३५ इतकं निर्धास्त नाही.

फोन न जोडल्याने एक गोष्ट खरोखर कमी होते. उपग्रहांच्या येत्या काही दिवसांच्या कक्षा सांगणारी ईपीओ फाइल ॲप गुपचूप घड्याळात टाकत असतं. ती नसेल तर घड्याळाला ही माहिती थेट उपग्रहांकडून घ्यावी लागते, आणि प्रत्येक उपग्रह आपली कक्षा दर ३० सेकंदांनी एकदा सांगतो. मध्येच इमारत आली की पुढच्या फेरीची वाट. रोज त्याच भागात धावताना हे जाणवत नाही. साताऱ्याला हिल हाफ मॅरेथॉनसाठी गेले तेव्हा मात्र मोकळ्या जागी आधीच जाऊन थांबले आणि हिरवा सिग्नल मिळाल्यावरच गर्दीत शिरले. ईपीओ फाइल लिनक्सवरून भरणाऱ्या स्क्रिप्ट लोकांनी लिहिल्या आहेत, मला गरज पडलेली नाही. त्याच शर्यतीच्या वाटेवरच्या यवतेश्वर घाटातल्या एकूण चढाच्या आकड्यावर मी भिस्त ठेवत नाही. २३५ मध्ये बॅरोमीटर (हवेच्या दाबावरून उंची सांगणारा सेन्सर) नाही आणि जीपीएसची उंची डगमगते. वळणावळणाच्या रस्त्यावर डेटा रेकॉर्डिंग ‘स्मार्ट’ऐवजी दर सेकंदाला ठेवलं तर मार्ग पुष्कळ नीट उमटतो.

विश्लेषणासाठी गोल्डनचीता. मुक्त सॉफ्टवेअर आहे, ॲपइमेज, म्हणजे न बसवता चालणारी एकच फाइल, उतरवून चालवता येतं. मूळ ओढा सायकलवाल्यांकडे, त्यामुळे पहिल्यांदा उघडलं की पॉवरचे आलेखच समोर येतात. ते बाजूला सारून वेग आणि हृदयगतीचे लावून घेतले. उन्हाळ्यात त्याच वेगाला हृदय किती जास्त धडधडतं हे महिन्यांच्या नोंदी एकाखाली एक पाहिल्यावर कळलं, आणि एप्रिल-मेमध्ये मी वेग मुद्दाम उतरवला.

२०२० च्या जुलैत सायबर हल्ल्यामुळे गार्मिन कनेक्ट, म्हणजे नोंदी ठेवणारी त्यांची ऑनलाइन सेवा, काही दिवस बंद होती. तेव्हा केबल लावून फिट फाइल काढणं आणि ती स्ट्राव्हा या व्यायामाच्या नोंदींच्या साइटवर हाताने चढवणं हाच मार्ग अनेकांनी धरला. माझ्याकडे तीच रोजची रीत आहे, म्हणून सर्व्हर चालू आहे की बंद याची मला चौकशी करावी लागत नाही.

राहता राहिलं फर्मवेअर, म्हणजे घड्याळाच्या आतलं सॉफ्टवेअर, अद्ययावत करणं. ते मी लिनक्सवरून केलेलं नाही. भावाच्या फोनवर एकदा जोडून करून घेतलं. जुनं घड्याळ घेणार असाल तर विकणाऱ्याला बॅटरीबद्दल विचाराच, पण आपला लॅपटॉप घेऊन जा, घड्याळाची केबल लावा आणि डिस्क उघडते का ते तिथेच बघा. उघडत नसेल तर घेऊ नका.