ओव्हरक्लॉकिंग अजून करावं का? रायझन ७ ७७००एक्स बरेच महिने वापरल्यावर

रायझन ७ ७७००एक्स हा एएमडीचा प्रोसेसर माझ्याकडे आला तेव्हापासून बायोसमधलं (मदरबोर्डच्या मूळ सेटअपमधलं) जवळपास प्रत्येक सेटिंग मी बदलून पाहिलं आहे. माझं काम व्हिडिओ एन्कोडिंगचं आणि कोड कंपाइल करण्याचं, शिवाय रात्री गेम. ओव्हरक्लॉकिंग म्हणजे चिप कंपनीने ठरवलेल्यापेक्षा जास्त वेगाने चालवणं. सगळे कोअर, म्हणजे प्रोसेसरमधले काम करणारे स्वतंत्र भाग, एका ठरावीक क्लॉकवर (वेगावर) बांधून टाकायचे, हे जुन्या अर्थाचं ओव्हरक्लॉकिंग या चिपवर करू नये असं माझं ठाम मत झालं आहे. पण म्हणून हा छंदच संपला असं जे सर्रास म्हटलं जातं, ते मला अजिबात पटत नाही. मेहनत करायची जागा बदलली आहे, आणि तिथे हाती लागण्यासारखं बरंच आहे.

जुनी पद्धत मागे का पडली ते आधी सांगतो. १९९८ मधला सेलेरॉन ३००ए हा इंटेलचा ३०० मेगाहर्ट्झचा प्रोसेसर. त्याची बस, म्हणजे प्रोसेसरला बाकी मशीनशी जोडणारी वाट, ६६ वरून १०० मेगाहर्ट्झवर नेली की तो ४५० वर चालायचा. दीडपट वेग, एक पैसाही जादा न घालता. २०११ मधला इंटेलचाच आय५-२५००के ३.३ गिगाहर्ट्झचा होता. बऱ्यापैकी कूलर लावला की ४.५ च्या आसपास जायचा. कमजोर चिपलाही झेपेल असा आकडा कंपनी खोक्यावर छापायची आणि चांगल्या चिपमधली उरलेली ताकद आपल्या वाट्याला यायची. आता ती उरलेली ताकद चिप स्वतःच वापरते. तापमान, करंट आणि वॉट यांच्यावर तिचं सतत लक्ष असतं आणि वाव दिसला की ती क्लॉक चढवते. २०२३ मध्ये आय९-१३९००केएस तर ६ गिगाहर्ट्झचा बूस्ट (चिप स्वतःहून गाठते तो कमाल वेग) घेऊनच बाजारात आला. चिप तपासून, त्यातल्या चांगल्या वेगळ्या काढून विकणारी सिलिकॉन लॉटरी ही कंपनी त्याआधीच, २०२१ मध्ये, बंद झाली होती. निवडण्याइतका फरकच उरत नव्हता.

माझ्या चिपवरही तेच दिसलं. ७७००एक्सचा जाहीर बूस्ट ५.४ गिगाहर्ट्झ आहे. सगळे कोअर ५.३ वर बांधले तेव्हा सिनेबेंच या वेग मोजणाऱ्या टेस्टमध्ये सर्व कोअरचा स्कोअर किंचित वाढला, एका कोअरचा मात्र घटला. साहजिक आहे, एकट्या कोअरला वर चढायची मुभाच काढून घेतली होती. ब्राउझर, बरेचसे गेम, कंपाइलच्या शेवटी होणारं लिंकिंग ही सगळी एक-दोन कोअरवर अवलंबून असलेली कामं. रोज तिथे तोटा सोसायचा आणि बदल्यात बेंचमार्कमध्ये चार आकडे जास्त दिसायचे, हा सौदा मला नको होता. काही न करता बसलेलं मशीनही आधीपेक्षा गरम राहू लागलं ते वेगळंच.

खरा फायदा झाला कर्व्ह ऑप्टिमायझरने. कुठल्या क्लॉकला किती व्होल्टेज मागायचं याचा एक तक्ता चिपमध्ये असतो, आणि हे सेटिंग तो तक्ता प्रत्येक कोअरसाठी वरखाली सरकवतं. उणे एक दिलं की साधारण ३ ते ५ मिलिव्होल्ट कमी होतात. वीज व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात खर्च होते, त्यामुळे व्होल्टेजमधली छोटी कपातसुद्धा तापमानात लगेच जाणवते. वाचलेले वॉट चिप पुन्हा क्लॉकसाठी वापरते. म्हणजे व्होल्टेज उतरवून वेग वाढतो. जुन्या सवयीच्या माणसाला हे पचायला वेळ लागतो, पण एकदा कळलं की यातली मजा काही औरच आहे.

त्यानंतर मी वॉटची मर्यादा १४२ वरून ८८ वर आणली. मूळ सेटिंगवर पूर्ण लोड दिला की ही चिप ९५ अंशांपर्यंत जाऊ शकते, आणि ती तशीच बनवलेली आहे. त्यात बिघाड काही नाही. पण मला खोलीत तो फॅनचा आवाज नको होता. आता तासभर एन्कोडिंग चाललं तरी तापमान सत्तरीत राहतं आणि लागणारा वेळ जेमतेम काही टक्क्यांनी वाढला आहे. गेममध्ये तर मला फरकच दिसला नाही. इतक्या महिन्यांत केलेल्या बदलांतला मला सगळ्यात आवडलेला बदल हाच.

आता कष्टाचा भाग. उणे आकडा सगळ्या कोअरना सरसकट देऊन चालत नाही. सगळ्यात चांगले म्हणून चिपने निवडलेले दोन कोअर बहुतेक वेळा कमी कपात सोसतात, कारण त्यांच्याकडून आधीच सर्वांत जास्त क्लॉक घेतला जातो. आणि अस्थिरता दिसते ती भलत्याच ठिकाणी. पूर्ण लोडची टेस्ट रात्रभर बिनघोर चालते आणि सकाळी साधं वेबपान उघडताना मशीन रीस्टार्ट होतं. पूर्ण लोडमध्ये क्लॉक खाली असतो. हलक्या कामात एकच कोअर शिखरावर जातो आणि तिथेच व्होल्टेज तोकडं पडतं. म्हणून इथे कोअरसायकलर हे टेस्टचं सॉफ्टवेअर वापरावं. ते एकेका कोअरवर एकाच थ्रेडचा (कामाच्या एकाच धाग्याचा) लोड टाकत पुढे जातं. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये व्हीया-लॉगरची, म्हणजे हार्डवेअरमधल्या चुकीची, नोंद आली असेल तर तिच्यातला एपिक आयडी (थ्रेडचा क्रमांक) पाहावा. माझ्या आठ कोअरच्या चिपवर प्रत्येक कोअरला दोन थ्रेड, म्हणून ० आणि १ म्हणजे पहिला कोअर, २ आणि ३ म्हणजे दुसरा, असा हिशेब लागतो. ज्या कोअरचा आयडी येईल त्याचीच कपात कमी करायची, बाकीच्यांना हात लावायचा नाही.

आणखी एक फसवी गोष्ट. व्होल्टेज फार कमी झालं तर चिप दर वेळी कोसळतेच असं नाही, कधी ती आतल्या आत क्लॉक ताणते, म्हणजे ठोके लांबवून मंद चालते. स्क्रीनवर ५.४ दिसतात पण काम तितकं होत नाही. एचडब्ल्यूइन्फो या मशीनवर नजर ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये इफेक्टिव्ह क्लॉक (प्रत्यक्षात मिळालेला वेग) म्हणून वेगळी नोंद असते. पूर्ण लोड असताना ती आणि दाखवलेला क्लॉक यांत मोठी तफावत असेल, तर ती कपात कागदावरचीच समजावी.

रॅमकडे मी उशिरा वळलो, पण गेमसाठी सगळ्यात जास्त मिळालं ते इथेच. डीडीआर५-६००० चा एक्स्पो प्रोफाइल, म्हणजे रॅमच्या कंपनीने तयार ठेवलेली जास्त वेगाची सेटिंग, चालू करणं ही पहिली पायरी. डीडीआर रॅम एका क्लॉकमध्ये दोनदा डेटा देते, म्हणून ६००० चा खरा क्लॉक ३००० मेगाहर्ट्झ. या पिढीत ६००० ला मेमरी कंट्रोलर (चिपमधला रॅम सांभाळणारा भाग) रॅमच्या बरोबरीने ३००० मेगाहर्ट्झवर चालू शकतो, म्हणून तो आकडा सोयीचा. पुढची पायरी टायमिंगची, म्हणजे रॅमच्या आतल्या कामांना दिलेल्या वेळांची. रॅमचा प्रत्येक बिट म्हणजे एक इवलासा कपॅसिटर, आणि त्यातला चार्ज सतत गळत असतो. म्हणून डीडीआर५ मध्ये सामान्यतः दर ३.९ मायक्रोसेकंदांनी रिफ्रेश करावं लागतं आणि तेवढा वेळ रॅमचा तो भाग कामाला मिळत नाही. टीआरईएफआय म्हणजे दोन रिफ्रेशमधलं अंतर आणि टीआरएफसी म्हणजे एका रिफ्रेशला लागणारा वेळ. ६००० ला ३.९ मायक्रोसेकंद म्हणजे ११,७०० क्लॉक. मी ते ५०,००० केलं आणि टीआरएफसी जमेल तितकं खाली आणलं. सरासरी एफपीएस (सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम) थोडेच वाढले, पण मोठ्या लढाईच्या प्रसंगांत मध्येच अडखळणाऱ्या फ्रेम स्पष्टपणे कमी झाल्या, आणि डोळ्यांना तेच आधी जाणवतं. फक्त चार्जची गळती तापमानाबरोबर वाढते. थंड मशीनवर पास झालेली सेटिंग ग्राफिक्स कार्ड तापल्यावर चुका करू शकते, म्हणून रॅमची टेस्ट गेम खेळून झाल्यावर, केस गरम असतानाच लावावी. रॅममधली चूक मशीन बंद पाडेलच असं नाही. ती गुपचूप फाइल खराब करते. टेस्ट पूर्ण होईपर्यंत महत्त्वाचं काही त्या मशीनवर ठेवू नये, हे मी अगदी कळकळीने सांगतो.

एक्स्पो लावल्यावर मदरबोर्ड एसओसी व्होल्टेज (चिपमधल्या मेमरी कंट्रोलरसारख्या भागांना मिळणारं) स्वतःहून वाढवतो, त्यावर नजर हवी. २०२३ मध्ये मोठा कॅश (चिपमधलीच जलद मेमरी) असलेल्या ७०००एक्स३डी मालिकेतल्या काही चिप जळाल्या, त्यानंतर एएमडीने ते १.३ व्होल्टवर रोखलं. बायोस जुना असेल तर आधी तो अद्ययावत करावा. इंटेलच्या बाजूला २०२४ मध्ये तेराव्या-चौदाव्या पिढीतल्या चिप गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागून खराब होत असल्याचं समोर आलं आणि ऑगस्टमध्ये ०एक्स१२९ हा मायक्रोकोड (चिपच्या आतलं नियंत्रणाचं सॉफ्टवेअर) द्यावा लागला. काहीच बदलायचं नाही असं ज्यांनी ठरवलं आहे, त्यांनीही आपल्या चिपला किती व्होल्टेज मिळतं ते एकदा पाहावं. वॉरंटीबद्दल भ्रम नको: ७७००एक्सला अधिकृत मान्यता डीडीआर५-५२०० पर्यंतच आहे, त्यामुळे साधा एक्स्पोसुद्धा एएमडीच्या लेखी ओव्हरक्लॉकिंगच ठरतो.

ज्यांच्याकडे एक्स३डी चिप आहे त्यांना रॅमच्या टायमिंगमधून फार काही मिळणार नाही. मोठा कॅश रॅमकडे जाण्याची वेळच कमी येऊ देतो. त्यांनी कर्व्ह ऑप्टिमायझरवर एक सुट्टीचा दिवस घालवावा आणि थांबावं; फक्त जुन्या ५८००एक्स३डीच्या बायोसमध्ये ती सोय बहुधा दिसणार नाही. स्वस्त चिप घेऊन महागड्या चिपचा वेग काढायचा हा ज्यांचा हेतू असेल, त्यांनी ते पैसे सरळ वरच्या चिपमध्ये घालावेत. बाकीच्यांनी, विशेषतः आपलं मशीन आतून कसं चालतं याची ज्यांना ओढ आहे त्यांनी, हे जरूर करावं. प्रत्येक कोअरचा आकडा आणि रॅमची सगळी टायमिंग मात्र वहीत लिहून ठेवा, कारण बायोस अद्ययावत केल्यावर ही सेटिंग बहुतेकदा पुसली जातात, आणि नव्या बायोसवर तीच सेटिंग पुन्हा तपासल्याशिवाय खात्रीची मानता येत नाही.