एसयूव्हीमागे कोणता ट्रेलर: पूर्ण उंचीचा की फोल्डिंग?

समजा, कॅम्पिंगसाठी आत राहता येईल असा ट्रेलर घ्यायचा आहे आणि गाडीची ओढण्याची मर्यादा १६०० किलो आहे. पूर्ण उंचीचा ट्रेलर रिकामा १३०० किलोचा असला, तरी पाणी, गॅस, बॅटरी, सामान धरून सहज १६००ला टेकतो. त्यातला १० ते १५ टक्के भार, म्हणजे १६० ते २४० किलो, हिचवर (गाडी आणि ट्रेलर जोडणाऱ्या सांध्यावर) येतो आणि गाडीच्या पेलोडमधून, म्हणजे गाडी स्वतः वाहू शकते त्या वजनातून, वजा होतो. त्यात गाडीत चार माणसं बसली की मागचे स्प्रिंग दबतात, पुढची चाकं हलकी होऊन स्टिअरिंगची पकड जाते. शिवाय उंच भिंत हायवेवर वारा अडवते.

फोल्डिंग, म्हणजे कापडी भिंती घडी करून बंद होणारा ट्रेलर भरूनही ९०० किलोच्या आसपास राहतो. उभारायला वेळ लागतो, कापड ओलं गुंडाळलं की बुरशी धरते. तरी या गाडीला तोच घ्यावा. फक्त जड सामान मागच्या टोकाला नको. हिचवरचा भार कमी झाला की ट्रेलर डोलू लागतो.