नागरिकत्वाचे सरकारी पोर्टल: चामोर्शी-मुलचेऱ्याच्या बंगाली गावांना किती कामाचे?

सेवा: केंद्रीय गृह मंत्रालयाचे नागरिकत्व अर्जाचे पोर्टल, २०१९ च्या दुरुस्ती कायद्याखालचा विभाग
गुण: ५ पैकी ३

आधी अर्ज कोणी करू नये ते सांगतो, कारण सर्वात मोठी चूक इथेच होते.

गडचिरोली जिल्ह्यातल्या चामोर्शी आणि मुलचेरा तालुक्यांत पूर्व पाकिस्तानातून, म्हणजे आजच्या बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांची गावे आहेत. यातली बरीच कुटुंबे रायपूरजवळच्या माना छावणीतून इकडे आली आणि त्यांना सरकारने जमिनी दिल्या. तेव्हा गडचिरोली जिल्हा नव्हता, सगळा कारभार चंद्रपूरहून चाले. आज या गावांत राहणारे बहुतेक लोक इथेच जन्मले आहेत. २६ जानेवारी १९५० नंतर आणि १ जुलै १९८७ पूर्वी भारतात जन्मलेला माणूस जन्मानेच नागरिक आहे. आईबाप कुठून आले हे तिथे कोणी विचारत नाही. १ जुलै १९८७ ते २ डिसेंबर २००४ या काळात जन्मलेल्याचा आई किंवा बाप, दोघांपैकी एक नागरिक असला की पुरे. ३ डिसेंबर २००४ पासून मात्र दोघेही नागरिक हवेत, किंवा एक नागरिक आणि दुसरा बेकायदा आलेला नको.

या हिशेबात जो बसतो त्याने पोर्टल उघडूच नये. या अर्जात ‘दुसऱ्या देशाचे माझे नागरिकत्व कायमचे सोडतो’ असे प्रतिज्ञापूर्वक लिहून द्यावे लागते. जन्माने भारतीय असलेल्या माणसाने हे लिहून देणे म्हणजे आपल्याच सहीने स्वतःला परका ठरवणे. शेजाऱ्याने भरला म्हणून आपणही भरू, असे हे काम नाही. घरात जुनी लोखंडी पेटी असेल तर तीही आधी नीट पाहा. त्या काळी जिल्हाधिकाऱ्यांना निर्वासितांची नागरिक म्हणून नोंदणी करण्याचे अधिकार होते. तसले प्रमाणपत्र आजोबांच्या नावे निघाले तर पुढच्या पिढ्यांचा प्रश्न बराचसा तिथेच मिटतो.

मग हे पोर्टल कोणासाठी? २५ मार्च १९७१ नंतर आलेल्यांना परत जाणारे धरले गेले, पुनर्वसनाचा लाभ त्यांना मिळाला नाही. पुढे नातेवाइकांच्या आधाराने इथे राहिलेले, लग्न होऊन पलीकडून आलेल्या बायका, तिकडे जन्मून लहानपणी इकडे आलेली मुले यांच्याजवळ छावणीचा कागद नसतो. खरी गरज त्यांची आहे. कायद्याची अट अशी: बांगलादेश, पाकिस्तान किंवा अफगाणिस्तानातून आलेला हिंदू, शीख, बौद्ध, जैन, पारशी किंवा ख्रिश्चन, आणि भारतात प्रवेश ३१ डिसेंबर २०१४ रोजी किंवा त्याआधी. सप्टेंबर २०२५ मध्ये केंद्राचा एक आदेश निघाला, त्यात ३१ डिसेंबर २०२४ ही तारीख आहे. तो फक्त कागदांअभावी कारवाई न होण्यापुरता आहे, नागरिकत्वाची तारीख २०१४ चीच राहिली. या दोन तारखांची गल्लत करून पैसे उकळणारे भेटतील, त्यांच्यापासून सावध राहा.

नियम ११ मार्च २०२४ रोजी आले आणि अर्ज पूर्ण ऑनलाइन झाला. शुल्क ५० रुपये. पहिली अडचण नमुना निवडण्याची. सगळे सरसकट आठ-अ, म्हणजे देशीयकरणाचा (भारतात राहिल्याच्या आधारावर नागरिकत्व मागण्याचा) नमुना भरतात. पण अर्जदार स्वतः किंवा त्याच्या आईबापांपैकी एक जण अविभाजित भारतात, म्हणजे फाळणीआधी जन्मलेला असेल, तर तो कायद्याने भारतीय वंशाचा ठरतो आणि त्याच्यासाठी दोन-अ आहे. बांगलादेशातल्या खुलना, बरिशाल, फरिदपूरकडून आलेल्या वयस्कर माणसांना हा लागू पडतो. भारतीय नागरिकाशी लग्न झाले असेल तर तीन-अ. मोबाइल नंबर आणि ईमेल अर्जदाराचेच द्या. अर्ज भरून देणाऱ्या केंद्रचालकाचा ईमेल टाकला की पुढची प्रत्येक सूचना त्याच्याकडे जाते आणि सुनावणीची तारीख चुकते.

कागद दोन गटांत लागतात. पहिला गट मूळ देशाचा: पासपोर्ट, जन्मदाखला, शाळेचा दाखला, ओळखपत्र, जमिनीचा किंवा भाडेपट्ट्याचा कागद, किंवा आई, बाप, आजोबा, पणजोबा तिथले होते हे दाखवणारा कोणताही कागद. मुदत संपलेला असला तरी चालतो. आपल्या सरकारने किंवा न्यायालयाने दिलेल्या कागदात त्या नातेवाइकाचे मूळ तिथले असल्याचे लिहिले असेल तर तोही चालतो, असा खुलासा जुलै २०२४ मध्ये झाला. या सेवेतली सर्वात चांगली सुधारणा हीच. सीमेवर मिळालेली चिठ्ठी, छावणीचे कार्ड हे सगळे आता कामाचे आहे. दुसरा गट ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत भारतात आल्याचा. त्यासाठी रेशनकार्ड, शाळा सोडल्याचा दाखला, वीजबिल, पोस्टाचे किंवा बँकेचे खाते, जनगणनेची पावती, ग्रामपंचायतीच्या निवडून आलेल्या सदस्याचा दाखला अशी मोठी यादी आहे आणि त्यातले काही ना काही बहुतेकांकडे निघते. कागदावरची तारीख मात्र ३१ डिसेंबर २०१४ च्या आतली हवी. नव्याने छापलेले रेशनकार्ड जोडून उपयोग नाही.

आता नावांचे. इथे अर्ज सर्वात जास्त अडकतो. समजा माणसाचे नाव परिमल चंद्र विश्वास. ‘चंद्र’ हा बंगाली नावाचाच तुकडा आहे. आपल्याकडे मधले नाव बापाचे, म्हणून रेशनकार्डावर त्याच्या बापाचे नाव ‘चंद्र’ लागते. शाळेत खरे वडील निताई, म्हणून दाखल्यावर ‘परिमल निताई विश्वास’. आधारवर ‘बिस्वास’. सातबाऱ्यावर ‘परीमल विश्वास’. चार कागद, चार माणसे. मंडल-मोंडल, राय-रॉय यांचेही तेच. अर्ज भरण्याआधी एक मुख्य नाव ठरवा, बाकीची सगळी रूपे एकाच प्रतिज्ञापत्रात कागदाच्या उल्लेखासह लिहा आणि ते प्रत्येक गटासोबत जोडा. जुन्या पत्रिकेवर बंगाली सन असेल तर तो तसाच इसवी सन म्हणून टाकू नका: १३७१ म्हणजे एप्रिल १९६४ ते एप्रिल १९६५.

याशिवाय तीन गोष्टी लागतात. अर्जातली माहिती खरी असल्याचे स्वतःचे प्रतिज्ञापत्र, आठ-अ भरत असाल तर तुमच्या चारित्र्याबद्दल एका भारतीय नागरिकाचे प्रतिज्ञापत्र, आणि तुम्ही त्या समाजाचे आहात हे सांगणारा स्थानिक नावाजलेल्या संस्थेचा दाखला. आठ-अ भरणाऱ्याला राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतली एक भाषा येते असेही लिहून द्यायचे असते. बंगालीही त्यात आहे, मराठीही.

पुढची पायरी जिल्हास्तरीय समितीची. अध्यक्ष टपाल खात्याचे अधीक्षक असतात, पोलीस किंवा तहसीलदार नव्हेत, त्यामुळे माणूस कमी घाबरतो. तिथे मूळ कागद तपासतात आणि निष्ठेची शपथ देतात. संधी देऊनही अर्जदार स्वतः गेला नाही तर अर्ज नामंजुरीसाठी वरच्या अधिकारप्राप्त समितीकडे जाऊ शकतो. मुलचेऱ्याच्या आतल्या गावातून ऐन रोवण्यात म्हातारीला घेऊन जिल्ह्याचे ठिकाण गाठणे सोपे नाही. दोन गुण इथेच कापले. तालुक्याला शिबिर लावून शपथ देता आली तर अर्धा त्रास वाचेल.

निकाल बाजूने लागला की प्रवेशाच्या तारखेपासून नागरिक धरतात आणि बेकायदा प्रवेशाचे चालू प्रकरण संपते. ही तरतूद खरोखर भक्कम आहे.

एक उणीव मात्र पोर्टलच्या हाताबाहेरची आहे. भारताने १९५१ च्या निर्वासित करारावर सही केलेली नाही, आणि सार्क या दक्षिण आशियाई देशांच्या संघटनेतही निर्वासितांसाठी कुठलीही सामाईक व्यवस्था नाही. १९५० च्या नेहरू-लियाकत करारात अल्पसंख्याकांच्या रक्षणाची हमी भारत आणि पाकिस्तान या दोन्ही देशांनी दिली होती. दोन शेजारी आपापल्या नोंदी एकमेकांना पडताळून देतील अशी सोय मात्र उभी राहिली नाही. म्हणून खुलन्याच्या शाळेतली नोंद मागवून घेणारे कोणी नाही, आणि पुराव्याचा सगळा भार पावसात पेटी डोक्यावर घेऊन आलेल्या माणसावर पडतो. हा अन्याय आहे.

गोंदिया जिल्ह्यात गोठणगावजवळ राहणाऱ्या तिबेटी निर्वासितांना हा मार्ग लागू नाही. त्यांच्यातले १९५० ते १९८७ या काळात भारतात जन्मलेले मात्र वरच्याच जन्माच्या नियमाने नागरिक आहेत. नमःशूद्र या बंगाली दलित समाजाच्या जातीच्या दाखल्याचा प्रश्नही नागरिकत्वाने सुटत नाही, कारण महाराष्ट्राच्या अनुसूचित जातींच्या यादीत ती जात नाही.

ज्यांच्याकडे आधीच मतदार ओळखपत्र आहे आणि जन्म मात्र पलीकडचा आहे, त्यांनी बटण दाबण्यापूर्वी तालुका विधी सेवा समितीत सगळे कागद दाखवावेत. स्त्रियांना आणि कमी उत्पन्नाच्या लोकांना तिथे वकिलाचा सल्ला फुकट मिळतो.