88 कीजचा साधा डिजिटल पियानो घरात घ्यावा का?

आधी निकाल सांगते मग कारणं. घरात कुणालाही शिकायचं असेल, मूल असो नाहीतर रिटायर झालेले आईबाबा, तर शेकडो टोन, लुकलुकणाऱ्या कीज आणि ऑटो रिदमवाला 61 कीजचा कीबोर्ड घेण्यापेक्षा मोजकेच आवाज असलेला पण वेटेड कीजचा 88 वाला डिजिटल पियानो घ्या. बहुतेक सगळ्या मोठ्या कंपन्यांकडे असं एक सुरुवातीचं मॉडेल असतंच, स्क्रीन नसते, बटणं दोनचार, वजन साधारण 11-12 किलो. आमच्याकडे असलाच आहे आणि मी, लेक आणि बाबा असे तिघंही त्यावर बसतो.

सगळा खेळ टचचा आहे. वेटेड म्हणजे की दाबली की आत खरोखरचा छोटा हॅमर हलतो, त्यामुळे बोटाला वजन जाणवतं, आणि चांगल्या मॉडेलमध्ये खालच्या सुरांकडच्या कीज जड आणि वरच्या हलक्या असतात, अगदी खऱ्या पियानोसारख्या. की किती वेगाने खाली गेली ते सेन्सर मोजतो आणि त्यावरून आवाज लहानमोठा होतो. 1983 पासून वापरात असलेल्या मिडी पद्धतीत (इलेक्ट्रॉनिक वाद्यं आणि कॉम्प्युटर एकमेकांशी ज्या ठरलेल्या भाषेत बोलतात ती) ह्या वेगाच्या 1 ते 127 अशा पायऱ्या असतात. आता हे ऐकायला टेक्निकल वाटतं पण शिकणाऱ्याला ह्याचाच सगळ्यात जास्त फायदा होतो, कारण हळू वाजवायचं म्हणजे बोट आवरायचं हे तिथल्या तिथे कळतं. स्प्रिंगवाल्या हलक्या कीजवर लेक नुसतं धडाधड वाजवायची, इथे आल्यावर तिचं तिलाच कळायला लागलं की डावा हात उजव्याला दाबून टाकतोय, ना मी सांगितलं ना सरांनी. ते बघून मला खूप म्हणजे खूप आनंद झाला.

विकणारे मात्र काहीही सांगतात. पियानोने मुलाची बुद्धी वाढते, गणित सुधारतं, एकाग्रता दुप्पट होते वगैरे. ह्या सगळ्याची सुरुवात बऱ्याच अंशी 1993 च्या एका छोट्या प्रयोगातून झाली, 36 कॉलेज विद्यार्थ्यांना 10 मिनिटं मोझार्ट ऐकवला आणि आकार-जागेच्या कोड्यांमध्ये त्यांचे मार्क थोडे वाढले, तेही जेमतेम 10-15 मिनिटं टिकले. लहान बाळांचा त्यात संबंधच नव्हता, तरी बाळांसाठी सीड्या खपल्या! 2004 मध्ये जरा नीट प्रयोग झाला, सहा वर्षांच्या 144 मुलांवर, त्यात कीबोर्ड नाहीतर गाणं शिकलेल्यांचा आयक्यू बाकीच्यांपेक्षा थोडासा जास्त वाढला, पण 2020 मध्ये बरेच अभ्यास एकत्र करून बघितले तेव्हा जिथे प्रयोग काटेकोर होता तिथे हा फायदा जवळपास शून्यावर आला. म्हणून माझं स्पष्ट मत, मुलाला पियानो द्यायचा तो संगीतासाठी द्या. संगीत स्वतःच एवढी मोठी गोष्ट आहे की त्याला गणिताच्या मार्कांचा टेकू कशाला हवा? अवघड ओळ तुकड्यात मोडायची, आधी एकेक हात, मग मेट्रोनोम (ठरलेल्या वेगाने टिकटिक करून लय धरून देणारी सोय) मिनिटाला 50 ठोक्यांवर ठेवून दोन्ही, असं करत बसायची सवय लागते ती वेगळीच कमाई.

बाबांबद्दल जास्त लिहायचंय कारण म्हातारपणी हे कशाला असं बरेच जण विचारतात. 2007 मध्ये 60 ते 85 वयाच्या, पियानो न येणाऱ्या लोकांना सहा महिने एकेकट्याने शिकवून बघितलं होतं, तेव्हा लक्ष एका कामावरून दुसरीकडे वळवणं आणि पटकन विचार करणं ह्या चाचण्यांमध्ये त्यांची प्रगती न शिकणाऱ्यांपेक्षा बरी होती. त्याच वर्षी जर्मनीत स्ट्रोकनंतर हात कमजोर झालेल्या पेशंटना तीन आठवडे 15 सेशन डिजिटल पियानो आणि इलेक्ट्रॉनिक ड्रम पॅड वाजवायला दिले, नेहमीच्या उपचारांच्या जोडीला, आणि त्यांच्या बोटांचा वेग आणि नेमकेपणा सुधारला. एक मानलं जाणारं कारण असं की बोट हललं की लगेच सूर ऐकू येतो, म्हणजे मेंदूला प्रत्येक हालचालीचं उत्तर तिथल्या तिथे मिळतं. आमच्या बाबांना सुदैवाने तसला काही आजार नाही, फक्त सकाळी बोटं आखडतात आणि दिवसभर घरात कंटाळा. ते पाच बोटांचे साधे व्यायाम वाजवतात, मग एखादी जुनी चाल कानाने शोधत बसतात, सापडली की हाक मारून ऐकवतात. ह्याला मी औषध म्हणणार नाही, फिजिओथेरपी चालू असेल तर ती चालूच ठेवा आणि डॉक्टरांना विचारूनच काय ते करा, पण मूडमध्ये जो फरक पडलाय तो आम्ही सगळे बघतोय.

हेडफोनचा जॅक हे ह्या वस्तूचं दुसरं मोठं सुख. रात्री अकराला वाजवा, शेजारी झोपलेले असू देत. खऱ्या पियानोला वर्षातून एकदोनदा ट्यूनिंग लागतं, आणि उभा पियानो म्हटला तरी वजन 200 किलोच्या आसपास, इथे ते काहीच नाही. फक्त आवाज कमी ठेवा प्लीज. मोठ्यांसाठी आठवड्याला 40 तास 80 डेसिबल आणि मुलांसाठी 75 डेसिबल अशी जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा आहे आणि दर 3 डेसिबल वाढले की सुरक्षित वेळ निम्मा होतो. मुलांच्या हेडफोनचा व्हॉल्यूम मी स्वतः लावून देते.

आता खटकलेलं. स्पीकर छोटे असतात, सगळ्यात खालचा सूर 27.5 हर्ट्झचा, तो त्यातून नुसता घरघरल्यासारखा येतो, हेडफोन लावला की कळतं काय राहून गेलं होतं. स्क्रीन नसल्यामुळे मेट्रोनोम किंवा ट्रान्सपोज (सगळी पट्टी वर-खाली सरकवणं) लावायला एक बटण दाबून धरून अमुक की दाबायची असा प्रकार असतो, बाबांसाठी मी मोठ्या अक्षरात कागदावर लिहून चिकटवलंय. सोबत मिळणारं सस्टेन पेडल (पायाने दाबलं की सूर लांबत राहतो ते) अगदीच हलकं, फरशीवर पळतं, ते बदलाच. 64 पॉलिफोनीवाल्या, म्हणजे एका वेळी जास्तीत जास्त 64 सूर वाजू शकणाऱ्या मॉडेलमध्ये पेडल दाबून खूप सूर एकत्र वाजवले तर जुने सूर मधेच कापले जातात, नवशिक्याला काही फरक पडत नाही पण पुढे जायचं असेल तर 128 वालं बघा. आणि एक्स आकाराचा स्टँड नको, डुलतो आणि गुडघ्यांना जागा राहत नाही.

दुकानात गेलात की डेमोचं गाणं ऐकून भुलू नका. आवाज बंद करायला सांगा आणि नुसत्या कीज दाबून बघा, खडखड किती येते ते कळेल. मग आवाज चालू करून एकच की जमेल तितकी हळू दाबा, सूर अगदी बारीक यायला हवा, येतच नसेल किंवा एकदम मोठा येत असेल तर ते मॉडेल सोडा. तीच की पूर्ण वर न येऊ देता पटापट दाबून बघा, सूर प्रत्येक वेळी लागला पाहिजे. ज्याच्यासाठी घेताय त्याला सोबत न्या आणि पाच मिनिटं बसू द्या, बसल्यावर कोपर कीजच्या पातळीला येतं का तेवढं बघा, नाहीतर उंची बदलणारा स्टूल वेगळा घ्यावा लागेल.