अर्थिंगच्या नावाखाली २३,६५० रुपयांची टोपी

आकडे आधी सांगतो, म्हणजे शे-दोनशेसाठी रडतोय असं कुणाला वाटायला नको. अर्थिंगचा खड्डा ११,५००. चार एमएमची वायर ४,९००. ईएलसीबी, म्हणजे वीज गळती झाली की लाइन तोडणारा स्विच, ३,२५०. पाइपांचं बाँडिंग, म्हणजे नळाचे पाइप अर्थला जोडणं, १,५००. मजुरी २,५००. एकूण २३,६५०, यूपीआयने. कर्वेनगरच्या आमच्या जुन्या इमारतीत बाथरूम नवीन केली, तिथल्या तीन किलोवॉटच्या इन्स्टंट गिझरसाठी ही वेगळी लाइन.

प्रत्यक्षात खड्डा नाही, बाँडिंग नाही, ईएलसीबी नाही. वायरसुद्धा अडीचची.

खड्ड्याचं आठवलं की अजून डोकं फिरतं. हा इलेक्ट्रिशियन अकराला आला आणि जेवायच्या आत पार्किंगच्या कोपऱ्यात चेंबरचं झाकण बसवून मोकळा! "काका, अडीच मीटरचा पाइप उभा गाडलाय, कोळसा-मीठ सगळं टाकलंय." अहो, हे पुणं आहे. हातभर खणलं की मुरूम, त्याखाली काळा कातळ. पहारीने दोन तासांत अडीच मीटर? बाहेर निघालेली माती फक्त दोन घमेली होती. ती मी पाहिली, कुंड्यांत भरून घेतली, वर त्याला चहा पाजला.

आता शहाणे म्हणतील, कळलं कसं नाही. त्याने टेस्ट लॅम्प लावून दाखवला होता. एक टोक फेजला, दुसरं सॉकेटच्या वरच्या मोठ्या भोकात, आणि दिवा लख्ख. यापुढे सामान्य माणसाने काय तपासायचं? नंतर दुसऱ्या इलेक्ट्रिशियनने सॉकेट उघडलं तेव्हा कळलं की अर्थच्या पिनेवरून छोटा तुकडा सरळ न्यूट्रलला जोडलेला. दिवा पेटणारच! अशी जोडणी असताना मागे न्यूट्रल कुठे सुटला, तर गिझरच्या एलिमेंटमधून फेज थेट गिझरच्या पत्र्यावर येतो. आमच्याकडे बोर्डातला न्यूट्रलचा स्क्रू सैल झाला आणि आईला नळाला हात लावताच झटका बसला. पायात रबरी चप्पल होती म्हणून वाचली.

ईएलसीबी म्हणून बसवला होता साधा डबल पोल एमसीबी, म्हणजे जादा भार आला की पडणारा स्विच. दिसायला सारखाच. खऱ्यावर 'टी' लिहिलेलं बटण असतं, ते नसेल तर पैसे देऊ नका. एमसीबी वायर वाचवतो, माणूस नाही. आणि 'टी' दाबल्यावर ट्रिप झालं म्हणजे अर्थिंग आहे, असंही नाही. ते बटण अर्थिंग नसतानाही चालतं.

बाँडिंगची तर कमालच. पाइपाला चकचकीत क्लॅम्प, त्यातून हिरवी वायर वर गेलेली, आणि तिचं दुसरं टोक फॉल्स सीलिंगमध्ये गुंडाळी करून ठेवलेलं. त्यातून आमच्या जुन्या जीआय (लोखंडी) पाइपांना मध्ये मध्ये प्लॅस्टिकचे तुकडे जोडलेत, म्हणजे पाइपातून जमिनीला जो काही आधार होता तोही तुटलेला.

तक्रारीचं ऐका. वीज कंपनीच्या कार्यालयात: "मीटरपर्यंत आमचं, पुढचं तुमचं." बरोबर असेल, पण मग माझ्या घरात पाहणार कोण? विद्युत निरीक्षकांच्या कचेरीतला कारकून म्हणतो, "अपघात झालाय का? झाल्यावर कळवा." म्हणजे आईचा पंचनामा घेऊन यायचं होतं का? पोलीस चौकीत साहेबांनी पेपर खाली न ठेवता सांगितलं, "हा दिवाणी मामला आहे." खोटा माल खरा म्हणून विकला, तरी दिवाणी! फसवणुकीचं ४२० जाऊन ३१८ कलम आलं, बाकी काही बदललं नाही. सोसायटीचे सेक्रेटरी उलट मलाच विचारतात, पार्किंगमध्ये खणायची परवानगी कुणी दिली? खणलंय कुठे, साहेब!

खड्डा बुजवण्याआधी पाइपासकट फोटो काढून घ्या. वायरमनचा परवाना बघा. मी मागितला तर "गाडीत आहे" म्हणाला होता. अर्थ टेस्टरचं रीडिंग सहीनिशी कागदावर घ्या, दिव्यावर भुलू नका. कोटेशनच्या चिठ्ठीला बिल समजू नका, माझ्या चिठ्ठीवर त्याचा पत्ताही नव्हता.

सगळं पुन्हा करायला १७,२०० गेले. ग्राहक आयोगात तक्रार टाकली आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी लागत नाही. इतकी दारं झिजवली, पण हे कुणी एका शब्दाने सांगितलं नाही.