सिंगापूर-मलेशिया की व्हिएतनाम-कंबोडिया?

परभणीचा मावसभाऊ आई-वडिलांना घेऊन पहिल्यांदाच परदेशी निघालाय. एका फेरीत दोन देश, खर्च बेताचा. देवगिरी एक्स्प्रेसने मुंबई गाठायची हे पक्कं, पुढचं अडलंय.

आधी व्हिसा, कारण पैसे इथंच गळतात. मलेशियाला सध्या भारतीयांना व्हिसा लागत नाही. सिंगापूरला लागतो, तो अधिकृत एजंटमार्फत. व्हिएतनामचा ई-व्हिसा एका प्रवेशाचा 25 डॉलर, अनेक प्रवेशांचा 50. हो ची मिन्हहून बसने कंबोडियातल्या नॉम पेन्हला जाऊन परतीचं विमान पुन्हा हो ची मिन्हहूनच पकडणार असाल, तर 50 वालाच काढा. कंबोडियाचा वेगळा.

राहण्यात व्हिएतनाम सरळ स्वस्त. सिंगापुरात खोलीच बजेट खाते, म्हणून तिथं दोनच रात्री, बाकी क्वालालंपूर. मधलं अंतर साधारण 350 किलोमीटर, बस भरपूर. फक्त सीमेवर सगळ्या बॅगा उतरवून स्वतः ओढाव्या लागतात. मावशीचे गुडघे बघता सामान कमीच घ्या.

जेवणाचं मला जास्त महत्त्वाचं वाटतं. सिंगापूरच्या लिटल इंडियात, क्वालालंपूरच्या ब्रिकफील्ड्समध्ये डोसा-भात सहज मिळतो. व्हिएतनाममध्ये भाजीतही माशाचा सॉस असतो. ‘चाय’ (Chay) लिहिलेली पाटी म्हणजे शाकाहारी, ती शोधायची. धपाटे, शेंगदाण्याची चटणी सोबत हवीच. काकांनी तंबाखूची पुडी मात्र घरी ठेवावी, सिंगापुरात खायच्या तंबाखूवर बंदी आहे.

आई-वडील सोबत असतील तर सिंगापूर-मलेशियाच. मित्रमित्र, खाण्याचे चोचले नाहीत, कंबोडियातलं अंगकोर वाटचं मंदिर बघायचंय, तर व्हिएतनाम-कंबोडिया.